लेन्स कुठली, त्याआधी नंबर कुठला?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि नेत्रतज्ज्ञांनी दिलेली उत्तरं.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण गेल्या वर्षभरात ते चष्म्याशिवाय पेपर वाचू लागलेत. मग मोतीबिंदू पूर्ण पिकू द्यावा का? (वाचक, सातारा)

चष्म्याशिवाय वाचता येणं ही नजर सुधारल्याची खूण नाही. नैसर्गिक लेन्सचा गाभा घट्ट आणि पिवळा होत गेला की डोळ्याला उणे नंबर येतो. जवळचं दिसू लागतं आणि लांबचं जातं. वडिलांना समोरून येणाऱ्या एसटीची पाटी वाचायला सांगा, लगेच कळेल.

'पिकू द्या' हा सल्ला जुन्या ऑपरेशनच्या काळातला. आता फेको नावाच्या पद्धतीत जेमतेम अडीच मिलिमीटरच्या छेदातून सुई आत जाते आणि अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी लेन्स फोडून शोषून घेते. गाभा जितका कडक, तितकी ही ऊर्जा जास्त लागते आणि बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या पेशी तितक्या जास्त मरतात. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. शिवाय अतिपिकलेल्या मोतीबिंदूतून प्रथिनं झिरपली तर डोळ्याचा दाब एकदम चढतो. म्हणून पिकण्याची वाट न पाहता रोजची कामं अडू लागली, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपू लागले, की ऑपरेशन करून घ्यावं.

वडील प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असतील किंवा पूर्वी घेतलं असेल, तर सर्जनना आधी नक्की सांगा. या गोळीने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो, ऑपरेशन चालू असताना लाटेसारखा हलतो आणि बाहुली आकसते. गोळी आठवडाभर बंद ठेवूनही हे टळतंच असं नाही. सर्जनना आधी माहीत असेल तर ते बाहुली ताणून धरणारे हुक किंवा रिंग तयार ठेवतात.

प्रश्न : आईच्या ऑपरेशनसाठी तीन दरपत्रकं मिळाली : साधी लेन्स, टॉरिक आणि मल्टिफोकल. आईला मधुमेह आहे आणि ती घरी शिवणकाम करते. सगळ्यात महाग लेन्स सगळ्यात चांगली ना? (वाचक, इचलकरंजी)

नाही. आणि दरपत्रकाच्या आधी विचारायची गोष्ट वेगळीच आहे : लेन्सचा नंबर काढायला डोळा कशाने मोजला आणि नंबर कुठल्या अंतरासाठी धरला?

बसवायच्या लेन्सची ताकद मुख्यतः दोन मापांवर ठरते : बुबुळाच्या पुढच्या पृष्ठभागाचा बाक आणि डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी. ही लांबी सरासरी साडेतेवीस मिलिमीटर असते. त्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर सुमारे अडीचने चुकतो. अल्ट्रासाउंडचा प्रोब बुबुळावर टेकवून माप घेताना हात जरा दाबला गेला, तर डोळा आखूड मोजला जातो, जास्त ताकदीची लेन्स बसते आणि रुग्णाला नको असलेला उणे नंबर येतो. प्रकाशाने मोजणारं यंत्र डोळ्याला स्पर्शच करत नाही, म्हणून ते जास्त भरवशाचं. मात्र मोतीबिंदू फार दाट असेल तर त्यातून प्रकाश पार होत नाही आणि पुन्हा अल्ट्रासाउंडच वापरावा लागतो. (न पिकू देण्याचं हे आणखी एक कारण.) दोन्ही डोळ्यांची मापं घ्यायलाच हवीत. त्यांच्या लांबीत पाव-अर्ध्या मिलिमीटरचा फरक दिसला आणि त्याचं कारण जुन्या चष्म्यात सापडलं नाही, तर माप पुन्हा घेण्याचा आग्रह धरा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मोजणीआधी एक-दोन आठवडे आणि कडक लेन्सवाल्यांनी निदान तीन आठवडे त्या काढून ठेवाव्यात, कारण त्यांनी बुबुळाचा बाक बदललेला असतो. लेझरने चष्मा घालवलेल्यांनी तर ते आवर्जून सांगावं. त्यांच्या डोळ्यांना नेहमीचं गणित चुकतं आणि उणे नंबर घालवलेला असेल तर ऑपरेशननंतर अधिक (प्लस) नंबर निघू शकतो.

आता आईंबद्दल. साधी म्हणजे मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते. बहुतेक वेळा ती लांबसाठी धरतात आणि वाचायला साधारण अडीचचा चष्मा लागतो. पण सुईत दोरा ओवणाऱ्या बाईसाठी उलटं करता येतं : नंबर मुद्दाम उणे अडीचच्या आसपास ठेवला की ४० सेंटिमीटरवरचा टाका चष्म्याशिवाय दिसतो आणि चष्मा लांबच्यासाठी लावायचा. जन्मभर उणे नंबर असलेली आणि चष्मा काढून बारीक काम करणारी माणसं तर नंबर शून्यावर आणल्यावर 'जवळचं गेलं' म्हणून हळहळतात. ही निवड ऑपरेशनआधीच बोलून ठरवावी लागते. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत दोन डोळ्यांचे नंबर किती वेगळे राहतील, तेही तेव्हाच विचारून घ्या.

मल्टिफोकल लेन्स येणारा प्रकाश दोन-तीन अंतरांत वाटून देते. त्यामुळे फिकट आणि गडद छटांतला फरक थोडा कमी जाणवतो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. मधुमेहाने डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) परिणाम झाला असेल, तर आम्ही ती बसवू नका असंच सांगू. आधी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. टॉरिक लेन्स तिरक्या नंबरासाठी, म्हणजे बुबुळाचा बाक सगळीकडे सारखा नसल्याने येणाऱ्या सिलिंडर नंबरासाठी असते. ती ठरलेल्या अक्षावर बसली तरच उपयोग. १० अंश फिरली तर एक-तृतीयांश परिणाम गेला, ३० अंश फिरली तर सगळाच. आडवं झाल्यावर डोळा किंचित वळतो, म्हणून खुणा रुग्ण बसलेला असतानाच कराव्या लागतात.

प्रश्न : ही लेन्स किती वर्षं टिकते? शरीर ती नाकारत नाही? (वाचक, फोंडा)

आयुष्यभर टिकते. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधले सर्जन हॅरोल्ड रिडली यांनी दुसऱ्या महायुद्धात पाहिलं, की विमानाच्या पर्स्पेक्सच्या छताचे कण वैमानिकांच्या डोळ्यात वर्षानुवर्षं राहूनही डोळा सुजत नाही. त्याच जातीच्या प्लॅस्टिकची पहिली लेन्स त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी बसवली. डोळ्याने ती स्वीकारली, पण तिची ताकद जास्त निघाली आणि रुग्णाला भलामोठा उणे नंबर आला. नंबराची अडचण पहिल्या दिवसापासूनची आहे ती अशी. आजच्या घडी घालता येणाऱ्या लेन्सचं मधलं भिंग ६ मिलिमीटरचं असतं, दोन्ही बाजूंच्या बारीक बाहूंनी ती नैसर्गिक लेन्सच्याच रिकाम्या पिशवीत टेकून बसते.

प्रश्न : ऑपरेशनला दीड वर्ष झालं. सुरुवातीला पांढरे कपडे निळसर दिसायचे इतकं लख्ख दिसत होतं, आता पुन्हा धुकं. मोतीबिंदू परत आला का? (वाचक, नाशिक)

लेन्सच काढली, त्यामुळे मोतीबिंदू परत येत नाही. (निळसर रंग खराच होता, तुमच्या जुन्या पिवळ्या लेन्सने तो अडवून धरला होता.) मागे ठेवलेल्या पिशवीची पाठ केसाहून कितीतरी पातळ असते आणि उरलेल्या पेशी तिच्यावर पसरून ती गढूळ होते. याला आपल्याकडे 'जाळी येणं' म्हणतात. याग लेझरने त्या जाळीच्या मध्यभागी खिडकी पाडतात. काही मिनिटांचं काम, टाका नाही, पट्टी नाही. नंतर डोळ्याचा दाब मोजून घ्यावा. चार-दोन काळे ठिपके तरंगणं चालतं. पण ठिपक्यांचा पाऊस पडला, वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी मागचा पडदा तपासून घ्या. लेझरच्या आधी मात्र मागच्या पडद्याचा मधला भाग सुजलेला नाही याची खात्री हवी, विशेषतः मधुमेह असेल तर. सूज असताना जाळी काढून नजर सुधारत नाही.

प्रश्न : ऑपरेशननंतर किती लाली आणि दुखणं चालतं? (वाचक, लातूर)

पहिले दोन-तीन दिवस खुपणं, पाणी येणं, थोडी लाली चालते, पण ती रोज कमी व्हायला हवी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटून मग दुखणं वाढलं, नजर कालच्यापेक्षा कमी झाली, पापणी सुजली, तर तो आतला जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी थेंब वाढवून बघू नका, सकाळची वाट पाहू नका. प्रतिजैविकाचं इंजेक्शन थेट डोळ्याच्या आत द्यावं लागतं आणि काही तासांच्या उशिरानेही नजर जाऊ शकते. निघताना डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या. लेन्सच्या नंबराचं स्टिकर त्यावरच चिकटवलेलं असतं.