आठ वर्षांच्या मुलीला अंगावरच्या केसांची लाज वाटते, तिला कशी मदत करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी तिसरीत आहे, हातापायांवर आणि ओठावर लव जरा जास्त आहे, वर्गातली पोरं 'अस्वल' म्हणून चिडवतात आणि आता सोलापूरच्या एप्रिलमध्येही ती लांब बाह्यांचा टी-शर्ट अंगातून काढायला तयार नाही. सासूबाई म्हणतात रोज बेसन-हळद चोळा, मैत्रीण म्हणते सरळ वॅक्सिंग करून आण. मी जुळे सोलापुरात पार्लर चालवते, माझं पोट याच धंद्यावर आहे. तरी सांगते, तिला वॅक्सिंगला आणू नका. माझ्याकडे नाही आणि दुसऱ्या कुणाकडेही नाही. पण 'काही नाही गं, लक्ष देऊ नकोस' म्हणून विषय मिटवूही नका. आठ वर्षांची पोर चाळीस डिग्रीत फुल बाह्या घालून बसते, म्हणजे तिच्यासाठी ते 'काही नाही' नाहीये.

माझ्याकडे गड्ड्याच्या जत्रेआधी, लग्नसराईत आणि शाळेच्या गॅदरिंगच्या दिवसांत अशा आया येतात. पोरीला समोर उभी करतात आणि तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतात, "हिचं काहीतरी करा हो, मुलीची जात आहे." पोर सगळं ऐकत असते. शाळेतल्या पोरांनी चिडवलं ते एक, पण आईच्याही मते आपल्यात काहीतरी बिघाड आहे हे तिला तिथे, माझ्या खुर्चीपाशी कळतं. तुमच्या घरात असं कुणी बोलत असेल, तर आधी ते बंद करा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एखादी मावशी तिचा हात धरून "अगं बाई, केवढी लव!" म्हणाली, तर तिथल्या तिथे, मुलीच्या देखत म्हणा, "असू दे हो, आमच्या घरात सगळ्यांनाच आहे." मावशी नाराज झाली तर होऊ दे.

एक प्रसंग सांगते. गॅदरिंगच्या नाचाचा ड्रेस बिनबाह्यांचा होता म्हणून एक आई मुलीला फुल हँड्स वॅक्स करायला घेऊन आली. पोरीने दोन्ही हात आईच्या ओढणीखाली घातलेले. मी वॅक्सचा डबा बाजूला ठेवला आणि चेहरा बघायचा तो भिंगाचा दिवा ओढला. म्हटलं, चल, गंमत बघू. आधी तिचा तळहात ठेवला भिंगाखाली. एकही केस नाही. तळपायालाही नसतात, हे तिला माहीतच नव्हतं. मग मनगटापासून कोपरापर्यंत. सगळी लव एकाच बाजूला कललेली, वाऱ्यात ज्वारी कलते तशी. त्यावर मी गार पाण्याचा फवारा मारला आणि सगळे केस टाचणीसारखे उभे! प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो, तो आखडला की अंगावर काटा येतो, असं सांगितलं. ती खिदळली. मग तिने आपणहून आईचा हात भिंगाखाली ओढला. तिथे नुसते काळे बारीक ठिपके. "आई, तुझे कुठे गेले?"

आई माझ्याकडे बघायला लागली. मी सांगून टाकलं, "तुझी आई माझ्याकडे येऊन काढते. महिन्याभराने परत येतात, मग परत काढते." पोरगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तुला पण हायेत?"

ताई, गोम इथेच आहे. आपण मोठ्या बायका आपले केस काढतो, तेही दार लावून. टीव्हीवरच्या बायकांचे हात तर काचेसारखे गुळगुळीत. लहान मुलीला केस असलेला बाईचा हात कुठे बघायलाच मिळत नाही. मग तिला वाटतं, हे फक्त मलाच झालंय. तुम्ही तोंडाने कितीही म्हणा की तू छान दिसतेस, आणि तेच म्हणत दर महिन्याला माझ्या खुर्चीत येऊन बसा, तिला दिसतं ते दुसरंच असतं. म्हणून माझा पहिला उपाय माझ्या गल्ल्याच्या मुळावर येणारा आहे: या महिन्यात तुमचं वॅक्सिंग चुकवा. हात तिला दाखवा. बाबांचे, आजीचे, मामाचे हातही शेजारी ठेवून बघा. कुणाकडून आलेत ते तीच सांगेल. काढायचेच असतील तर पुढे खुशाल काढा, फक्त लपवाछपवी नको. "मला असं आवडतं म्हणून मी काढते, तू मोठी झालीस की तुझं तू ठरव," एवढं खरं बोललं तरी पुरे.

सासूबाईंच्या बेसनाचं काय? दिवाळीत उटणं लावतो तसं अधूनमधून मऊ हाताने लावायला माझी ना नाही, हळदीची खाज येत नसेल तर. पण पिठाची गोळी करून रोज घासली तर लव जात नाही, कातडी जाते. लालसर पुरळ, आग आणि वर सोलापूरचा घाम. केसांची मुळं बाळ पोटात असतानाच तयार झालेली असतात. जन्मल्यावर नवी येत नाहीत आणि चोळून जुनी मरतही नाहीत. 'लहानपणीच काढले की कायमचे जातात' हे म्हणूनच खोटं. 'वस्तरा लावला की राठ येतात' हेही खोटं. जावळ काढलं की दाट केस येतात म्हणतात, त्यातलाच प्रकार. कातडीच्या वर आलेला केस मेलेलाच असतो, वर कापलेलं खाली मुळाला कळणार कसं? लवेचं टोक निमुळतं असतं, कापल्यावर ते बोथट होतं, म्हणून हाताला टोचतं. 1928 साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन संशोधक बाईंनी दाढीचे केस तपासून हेच दाखवलं होतं, पण पार्लरात रोज मला कुणीतरी उलट सांगतंच.

आता वॅक्सिंग का नको ते. गरम वॅक्स मोठ्या बाईला सोसतं, तेवढ्याने लहान मुलाच्या पातळ कातडीला चटका बसतो. पट्टी ओढल्यावर रक्ताचे ठिपके येतात, नंतर पुळ्या होतात, केस आतल्या आत वळून गाठी धरतात. आणि पुढच्या वेळी पट्टीत यायला केस साधारण अर्धा सेंटीमीटर तरी वाढावा लागतो. म्हणजे मधले आठवडे ती खुंट घेऊनच शाळेत जाणार, आणि पोरं तेव्हाही बघणारच. ओठावर ब्लीच नको, आग होते. थ्रेडिंग नको. लेझरचं तर नावच काढू नका. वयात येताना हार्मोन बदलतात आणि तेव्हा नवे केस काळे-जाड होतातच, त्यामुळे आत्ता घातलेले पैसे पाण्यात.

एकदा बालरोगतज्ज्ञांना मात्र दाखवा. बहुतेक मुलींच्या बाबतीत ही घराण्यातून आलेली साधी लव असते. पण काही खुणा अंगावर काढायच्या नसतात. मुलीला आठ वर्षांच्या आत (मुलाला नऊच्या आत) काखेत किंवा जांघेत केस येणं, छातीची वाढ सुरू होणं, घामाला मोठ्या माणसासारखा वास, पुटकुळ्या, उंची एकदम वाढणं. हनुवटीवर, छातीवर, पोटावर जाड काळे केस. थोड्याच महिन्यांत अंगभर केस वाढणं. कमरेच्या मागे बरोबर मणक्यावर केसांचा झुपका असेल तर तोही दाखवा, कारण कधीकधी खाली मणक्यात दोष असतो. फिटचं एखादं औषध किंवा बरेच दिवस स्टेरॉइड चालू असेल तर सांगा, त्यानेही केस वाढतात. आणखी एक, जे कुणी विचारत नाही: घरात कुणी टकलावर मिनॉक्सिडिल लावत असेल तर त्याने हात धुवावेत, उशी-टॉवेल वेगळा ठेवावा. ते औषध मुलाच्या अंगाला सतत लागलं तर मुलाला केस येऊ शकतात. खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर सिव्हिलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढा, तिथे बालरोग आणि त्वचारोग दोन्ही विभाग आहेत. फक्त डॉक्टरांकडे नेताना 'तुझे केस घालवायला चाललोय' असं तिला सांगू नका. तपासणीला चाललोय म्हणा.

पोरांच्या चिडवण्याला मोठं भाषण उपयोगी पडत नाही. छोटं उत्तर लागतं, तेही तोंडात बसलेलं. घरी बाबांना 'अस्वल' म्हणणारा पोरगा करा आणि खेळ खेळा. तिने मान वर करून म्हणायचं, "हायेत की! मग?" आणि चालू पडायचं. रडका आवाज निघाला की पुन्हा. दहा वेळा हसत-खेळत केलं की शाळेत आपोआप बाहेर पडतं. 'अभ्यासात पहिली ये, मग बघ कसे गप्प बसतात' हा सल्ला मात्र देऊ नका. 2024 साली उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत 98.5 टक्के मिळवून पहिली आलेल्या मुलीलाही लोकांनी ओठावरच्या केसांवरूनच ट्रोल केलं होतं. मार्कांनी कुणाची तोंडं बंद होत नाहीत.

लांब बाह्यांवरून जबरदस्ती नको. पातळ सुती शर्ट शिवून द्या, घामोळं तरी येणार नाही. गॅदरिंगचा ड्रेस बिनबाह्यांचा असेल तर शिंप्याला नेटच्या बाह्या जोडायला सांगा, त्यात कसली हार. बाह्या ती स्वतःच वर करेल, जेव्हा करायच्या तेव्हा.

आणि समजा अकरा-बारा वर्षांची झाल्यावर तिने स्वतःहून, पुन्हापुन्हा सांगितलं की मला काढायचेत, तर तेव्हा 'शी, एवढ्यात कशाला' म्हणून झटकू नका. तुम्ही नाही म्हटलंत तर ती बाबांचा वस्तरा घेऊन बाथरूममध्ये जाईल. त्यापेक्षा छोटा बॅटरीचा ट्रिमर घ्या. कातडीला धार लागत नाही, दुखत नाही. कुठे आणि किती, ते तिने सांगायचं, हात तुम्ही धरायचा. क्रीम वापरायचं असेल तर पाकिटावर वय काय लिहिलंय ते वाचा, आदल्या दिवशी कोपराच्या आत थोडंसं लावून बघा आणि चेहऱ्याला नकोच.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात बाईंना मधल्या सुट्टीत एकट्या भेटा. चिडवणारे दोघं-तिघं कोण ते नावानिशी सांगा. पण वर्गात मुलीचं नाव घेऊन 'हिला कुणी चिडवायचं नाही' असं जाहीर करू नका, अशी विनंतीही तेव्हाच करा. बाई चांगल्या मनाने तेच करायला जातात आणि मग ज्यांना माहीत नव्हतं तेही बघायला लागतात. त्या दोघा-तिघांना बाजूला घेऊन बोललं की बहुतेक वेळा भागतं.