‘आठ आठवडे झाले, आता खेळू का?’ : फुटबॉलपटूंचे पाय आणि परतीचे प्रश्न

पावसाळ्यात मैदानं चिखलानं भरतात, टर्फ सकाळपासून रात्रीपर्यंत बुक असतात, आणि पायाच्या दुखापतींची पत्रं वाढतात. या अंकात फक्त फुटबॉलपटूंचीच पत्रं घेतली आहेत. उत्तरं अस्थिरोग आणि क्रीडा फिजिओथेरपीत काम करणाऱ्यांनी मिळून दिली आहेत. मात्र तुमचा एक्स-रे ज्यांनी पाहिला आहे, त्या सर्जनचा शब्द आमच्या उत्तरापेक्षा मोठा.

प्रश्न : मी १९ वर्षांचा, लालबागला राहतो, विंगर म्हणून खेळतो. उजव्या पायाचं पाचवं मेटाटार्सल, म्हणजे करंगळीमागचं लांब हाड, मोडलं, आत स्क्रू घातला. आठ आठवडे झाले, चालताना अजिबात दुखत नाही. कोच म्हणतात, तीन आठवड्यांनी मॅच आहे, पेनकिलर घेऊन निदान अर्धा तास उतर. माझ्या मित्राचंही हेच हाड मोडलं होतं, तो सहा आठवड्यांत खेळायला लागला. उतरू का?

उत्तर : नको उतरूस. पेनकिलर घेऊन तर मुळीच नको.

मित्राचं आणि तुझं हाड एक असेल, पण फ्रॅक्चर एक नसणार. पायाच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरव, मधोमध एक टणक उंचवटा लागेल. ते पाचव्या मेटाटार्सलचं बूड. त्या उंचवट्याचं टोक मोडलं तर ते कडक तळाच्या बुटात पाच-सहा आठवड्यांत बहुतेक वेळा आपसूक जुळतं. पण तिथून साधारण दीड-दोन सेंटीमीटर पुढे जो पट्टा आहे, तिथे बुडाकडून येणारा आणि हाडाच्या दांड्याकडून येणारा असे दोन्ही रक्तपुरवठे अपुरे पडतात. तिथलं फ्रॅक्चर म्हणजे जोन्स फ्रॅक्चर. रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश सर्जननं १९०२ साली त्याचं वर्णन केलं, आणि त्यात त्याच्या स्वतःच्या पायाचाही समावेश होता. खेळाडूला स्क्रू घालतात तो बहुधा याच पट्ट्यासाठी, कारण इथलं हाड हळू जुळतं आणि कधी कधी जुळतच नाही.

इंग्लंडचा फुटबॉलपटू बेकहॅम याचा दाखलाही सगळे देतात : एप्रिल २००२ मध्ये पाय मोडला आणि जूनमध्ये तो विश्वचषक खेळला. पण त्याचं दुसरं मेटाटार्सल मोडलं होतं, आणि त्या हाडाची जुळण्याची चाल वेगळी. तुझ्या हाडाचा दाखला हवा तर ब्राझीलच्या नेमारचा घे. फेब्रुवारी २०१८ मध्ये उजव्या पायाचं पाचवं मेटाटार्सल मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याच हाडाला पुन्हा इजा झाली. जगातली सगळी साधनं हाताशी असूनही.

तुझं दुखणं थांबलं ते हाड जुळलं म्हणूनच, असं धरू नकोस. स्क्रूनं हाडाची हालचाल थांबवली की दुखणं थांबतं. जुन्या इमारतीला बांधलेल्या परांचीसारखंच आहे हे : परांची भिंतीला धरून ठेवते, भिंत दुरुस्त करत नाही. हाड जुळण्याआधी धावण्याचा, वळण्याचा भार रोज पडत राहिला तर स्क्रू वाकतो किंवा तुटतो. मग तो काढणं, कमरेच्या हाडातून थोडं हाड घेऊन तिथे भरणं, नवा जाड स्क्रू घालणं, आणि सगळे महिने पहिल्यापासून.

आता काय करायचं ते. आधी समोरून, बाजूनं आणि तिरका, असे तीन एक्स-रे काढ. भेग पायाच्या तळाकडच्या आणि बाहेरच्या बाजूला सगळ्यात शेवटी भरते, त्यामुळे तिरक्या एक्स-रेकडे विशेष लक्ष द्यायला सांग. शंका राहिली तर सीटी स्कॅन. खेळाडूच्या बाबतीत सीटीचा आग्रह धरण्यात काहीच गैर नाही, कारण एक्स-रेवर जुळलेलं दिसणारं हाड सीटीवर अर्धवट भरलेलं निघू शकतं. त्याच जागेवर अंगठ्यानं जोरात दाबून पाहा. एका बिंदूवर कळ आली तर पुढचं काहीच सुरू करायचं नाही.

स्कॅन चांगला आला तरी सरळ मॅच नाही. अर्धा तास सपाटीवर न लंगडता चालता आलं पाहिजे. गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली टेप लावून दोन्ही पोटऱ्या मोज. दोन महिन्यांत उजवी हमखास बारीक झालेली असते. एका पायावर टाच उचलण्याचा व्यायाम बऱ्या पायावर २५ वेळा होत असेल, तर दुखऱ्या पायावरही त्याच्या जवळपास आणि त्याच उंचीनं व्हायला हवा. हे जमलं की एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, असे दहा फेरे, एक दिवसाआड. आधी सरळ रेषेत, मग मोठ्या वळणावर, मग झटक्यात दिशा बदलून. बॉल यायचा तो त्यानंतर : आधी जवळचे पास, मग लांब किक, आणि टॅकल सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, अंतर किंवा वेग. दोन्ही एकदम वाढवलेस तर दुखलं कशानं हेच कळणार नाही.

नियम एकच, पण तो कडक. पोटरी भरून आली, घोटा आखडला तर हरकत नाही. हाडाच्या त्या एका जागी दुखलं, त्या वेळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाऊल टाकताना, तर थांबायचं आणि सर्जनला दाखवायचं. पेनकिलर नेमकी हीच खूण पुसून टाकते.

एक प्रश्न बहुतेकांचा राहून जातो : हाड मुळात मोडलं कशामुळे? अनवाणी उभा राहा आणि कुणाला तरी मागून फोटो काढायला सांग. टाच आतल्या बाजूला कललेली दिसत असेल, जुन्या बुटांची बाहेरची कड आधी झिजत असेल, तर तुझा सगळा भार याच हाडावर पडतो. अशा पायाला बाहेरच्या कडेला उंची दिलेलं इनसोल लागतं. ते न घालता परतलास तर कारण तसंच राहतं. गुटखा, सिगरेट, मिश्री यांपैकी काही असेल तर आजच बंद कर, तंबाखूनं हाड जुळायला वेळ लागतो. कोचना हे उत्तर दाखव. तोवर बसून चालवायची सायकल, पोहणं, वरच्या अंगाचा व्यायाम, सगळं करता येईल, त्यामुळे तू संघाबाहेर फेकला गेलास असं होत नाही.

प्रश्न : माझा १६ वर्षांचा मुलगा शाळेच्या संघात खेळतो. पाच आठवड्यांपूर्वी पायाचा चवडा जमिनीत रुतलेला असताना दुसरा मुलगा त्याच्या टाचेवर पडला. एक्स-रे नॉर्मल आला, मोच आहे म्हणून क्रेप बँडेज दिलं. अजून पायाच्या मध्यावर सूज आहे आणि चवड्यावर उभं राहता येत नाही. मोच इतकी लांबते का? – एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, घोट्याची साधी मोच पाच आठवड्यांत बरीच निवळते. तुम्ही दुखापत जशी सांगितली आहे, त्यावरून आधी लिस्फ्रँक सांध्याची शंका घ्यायला हवी. पायाच्या मध्यावर, बुटाची नाडी बांधतो त्याच्या खाली, दुसऱ्या मेटाटार्सलचं बूड शेजारच्या हाडांत खाचेत बसल्यासारखं बसतं. त्याला आतल्या हाडाशी धरून ठेवणारा जाड अस्थिबंध फाटला की पायाची कमान हळूहळू खचते. टाच वर, चवडा जमिनीत आणि वरून भार, ही या दुखापतीची ठरलेली तऱ्हा. सुरुवातीच्या दिवसांत तळपायाच्या मध्यावर निळा डाग पडला होता का, ते मुलाला विचारा. तो डाग ही मोठी खूण असते.

झोपून काढलेल्या एक्स-रेमध्ये भार नसल्यानं हाडं जागच्या जागी दिसतात, म्हणून ही दुखापत सुटते. आता दोन्ही पायांचा, उभं राहून, भार टाकून काढलेला एक्स-रे मागा. रेडिऑलॉजीच्या चिठ्ठीवर ‘दोन्ही पाय, उभ्यानं’ असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर सवयीनं पुन्हा झोपूनच काढतील. पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलमधलं अंतर बऱ्या पायाच्या तुलनेत दोन मिलिमीटरनं जरी वाढलेलं असलं तरी ते गंभीर. अस्थिबंध पाहायला एमआरआय, हाडाचे बारीक तुकडे पाहायला सीटी.

हाडं हललेली नसतील तर बूट किंवा प्लास्टर, साधारण सहा आठवडे भार नाही, आणि मध्ये पुन्हा एक्स-रे. हलली असतील तर शस्त्रक्रिया, स्क्रू किंवा प्लेट, आणि त्यानंतर सहा ते आठ आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. काही सर्जन काही महिन्यांनी त्या वस्तू काढतात. फुटबॉलला परतायला नऊ महिने ते वर्ष लागू शकतं. हे ऐकून वाईट वाटेल, पण तसंच चालत राहिलं तर तरुण वयात पायाच्या मध्यावर सांधेदुखी बसते आणि मग ती जात नाही. पालकांनी या आठवड्यातच पायाचे विशेषज्ञ गाठावेत. तोवर त्याला पळू देऊ नका, आणि ‘मन घट्ट कर’ असंही म्हणू नका. त्याचं दुखणं खरं आहे.

प्रश्न : गिरगावात तिसऱ्या मजल्यावर चाळीत राहतो. लाकडी जिना, पावसात ओला. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही असं सांगितलंय. कुबड्यांवर कसं जमवायचं?

उत्तर : कुबड्या आधी नीट बसवून घ्या. हात सैल सोडला की मूठ मनगटाच्या रेषेत यावी, कोपर थोडंसं वाकावं, आणि काखेखाली दोन-तीन बोटं मोकळी राहावीत. भार तळहातांवर. काखेवर लटकलात तर तिथली नस दबून हाताला मुंग्या येतात. तळाचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर बदलून घ्या. ते स्वस्त असतं, आणि ओल्या लादीवर सगळं त्याच्यावरच असतं.

जिन्यावर चढताना बरा पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. पण ओल्या लाकडी जिन्यावर तीन मजले हे करण्यापेक्षा बसून, एकेक पायरी मागे सरकत चढा आणि बसूनच, एकेक पायरी पुढे सरकत उतरा. लाज वाटायचं कारण नाही, सर्जनही हेच सांगतील. कुबड्या वर नेऊन ठेवायला एक माणूस सोबत हवा. शौचालय सार्वजनिक आणि भारतीय पद्धतीचं असेल तर या सहा आठवड्यांपुरती कमोडची खुर्ची घरात आणा, वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत ती भाड्यानंही मिळते. पाय खाली सोडून बसलात की सूज चढते, म्हणून दिवसातून बऱ्याच वेळा आडवं पडून पाय छातीपेक्षा वर ठेवा. प्लास्टर भिजलं तर ते घरी वाळवायचं नाही, बदलून घ्यायचं. पोटरी एकाएकी सुजली, घट्ट होऊन दुखू लागली किंवा श्वास लागला, तर वेळ न घालवता थेट रुग्णालयात जा : ती रक्ताची गुठळी असू शकते.

प्रश्न : आजी रोज तेलानं चोळायला सांगते, शेजारचे हाडवैद्याकडे चला म्हणतात. आणि खायचं काय?

उत्तर : मोडलेल्या जागेवर चोळणं आणि ओढून बसवणं, दोन्ही बंद. पोटरीला हलक्या हातानं तेल लावलं तर आजीचंही मन राखलं जाईल आणि बिघडणारही काही नाही.

खाण्यात प्रथिनं कमी पडतात, ती बघा. वजन ६० किलो असेल तर दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम धरा. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, पेलाभर दुधात आठ. बांगडा, मटकीची उसळ, दही यांनी बाकीचं भरतं. कॅल्शियमसाठी दूध आणि नाचणी पुरेशी. ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्या, मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर बहुधा साठ हजार युनिटची आठवड्याला एक मात्रा ठरावीक आठवडे देतात. केमिस्टकडून आणून महिनोन्महिने आपल्या मनानं घेत राहू नका, ते अंगात साठतं.

प्रश्न : परतल्यावर बूट कोणते? मी आठवड्यात दोनदा अंधेरीला टर्फवर आणि रविवारी मैदानावर खेळतो.

उत्तर : एक जोड दोन्हीकडे चालत नाही. मातीच्या मैदानाचे लांब स्टड टर्फमध्ये रुततात. अंग फिरतं, पाय फिरत नाही, आणि ताण मेटाटार्सलवर आणि गुडघ्यावर जातो. कृत्रिम गवतावर आखूड, पुष्कळ आणि रबरी दाणे असलेले बूट घाला. मे महिन्यात मैदान दगडासारखं असतं, तेव्हा तिथेही तेच बरे.

घेताना संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडा फुगलेला असतो, आणि खेळायचे मोजे घालूनच मापा. मग बूट हातात धरून टोक आणि टाच एकमेकांकडे दाबा. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे. मधूनच दुमडत असेल तर परत ठेवा, मग किंमत आणि नाव काहीही असो. तळ उलटा करून बाहेरच्या कडेचा स्टड कुठे येतो तेही पाहा. तो नेमका पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाखाली येत असेल तर दुसरं मॉडेल शोधा. पहिले काही महिने आत पातळ कार्बन फायबरची पट्टी घालायला फिजिओ सांगतील. ती घातल्यावर बूट अर्ध्या नंबरानं मोठा लागतो, म्हणून पट्टी सोबत घेऊनच दुकानात जा.

प्रश्न : डॉक्टरांनी परवानगी दिली, स्कॅन चांगला आहे. तरी टॅकलला पाय आपोआप मागे येतो. काय करू?

उत्तर : अर्धवट घातलेला पाय जास्त धोक्याचा असतो, म्हणून हे अंगावर काढू नका. टॅकल मॅचमध्ये नाही, सरावात परत आणा. आधी जागेवर पडलेल्या बॉलवर दोघांनी एकाच वेळी, चालत्या वेगानं पायाची आतली बाजू लावायची, घोटा घट्ट ठेवून. दहा-बारा वेळा, दोन्ही पायांनी. तीन-चार सरावांत पाय मागे येणं थांबलं की धावत्या वेगानं, मग छोट्या मैदानावर चारास चार. समोर विश्वासाचा जोडीदार घ्या आणि काय चाललंय ते त्याला आधी सांगा. पहिल्या मॅचला वीस मिनिटं, आणि ती शेवटची नव्हे, सुरुवातीची : वॉर्म-अप झालेला असतो आणि पाय थकलेले नसतात.