बारावीनंतर काय करायचं? देवाचं पाचारण, म्हणजे देव आपल्याला कोणत्या कामासाठी बोलावतोय ते, ओळखायला रोजनिशी कशी लिहावी?

रात्री १०-१५ मिनिटं पुरेत. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांच्या पद्धतीने आधी आभार माना, मग दिवसाची उजळणी करा: मन देवाकडे कुठे ओढलं गेलं, कुठे कोरडं पडलं. प्रसंग नेमका लिहा. ‘आज छान वाटलं’ यातून महिन्याभराने काहीच हाती लागत नाही. ‘संडे स्कूलला लहानग्यांना गोष्ट सांगताना तास कसा गेला कळलंच नाही’, असं हवं. रविवारी मागची पानं वाचून पुन्हापुन्हा आलेल्या गोष्टी अधोरेखित करा. बऱ्याच वह्या देवाकडे केलेल्या नुसत्या मागण्यांनी भरतात, मग पाचारण दिसणार कसं? आणि मन खचलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नका, हा इग्नेशियस यांचाच नियम. परीक्षेच्या दिवसांत तर नक्की पाळा. अधूनमधून पाळकांशी किंवा फादरांशी त्यावर बोला.