जर्मन वक्तशीर, तुर्क म्हणजे अरब: परदेशी खरेदीदार येण्याआधी यातलं किती खरं मानायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, पुढच्या महिन्यात जर्मनी, अमेरिका, तुर्कस्तान आणि ब्राझीलचे खरेदीदार येणार आहेत. जर्मन घड्याळाचे गुलाम, अमेरिकन मोकळेढाकळे, तुर्क म्हणजे अरबच, ब्राझीलवाले कायम सुट्टीच्या मूडमध्ये, असं व्हिडिओंत ऐकलंय. तर ऑफिसातल्या पोरांना काय शिकवू?

स्वभावाचं काहीही शिकवू नका. 2005 साली 'सायन्स'मध्ये एक मोठा अभ्यास आला होता. 49 संस्कृतींतल्या लोकांना 'तुमच्या देशाचा सर्वसाधारण माणूस कसा असतो' असं विचारलं आणि उत्तरं प्रत्यक्ष व्यक्तिमत्त्व चाचण्यांशी ताडून पाहिली. मेळ बसला नाही. जर्मन माणसाचं स्वतःच्या लोकांबद्दलचं मतसुद्धा भरवशाचं नाही, तिथं व्हिडिओवाल्याचं काय घेऊन बसलात! घड्याळाचंच म्हणाल तर 2024 मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथं वेळेवरच धरतात.

असले शिक्के आपल्यालाही बसलेत की. देशभरच्या मेनूकार्डावरची लालभडक 'व्हेज कोल्हापुरी' कोल्हापूरच्या घरात सहसा शिजत नाही, आणि पांढरा रस्सा बाहेर कुणाला माहीत नसतो. 1870 साली आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इटलीत फ्लोरेन्सला वारले. आर्नो नदीकाठी त्यांची छत्री आहे, पण गावातले लोक त्या जागेला नुसतं 'इंडियानो', म्हणजे 'भारतीय', म्हणतात. पुढे जवळच पूल झाला, त्यालाही तेच नाव.

शिकवायचं असेल तर लिहिण्याच्या पद्धती शिकवा. पैसे तिथं बुडतात.

सगळ्यात महाग चूक ड्रॉइंगची. जर्मनीत आणि आपल्याकडे साधारणपणे व्ह्यू मांडायची 'फर्स्ट अँगल' पद्धत चालते: वरून दिसणारा व्ह्यू समोरच्या व्ह्यूच्या खाली, डावीकडून दिसणारा उजवीकडे. अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतं: वरचा वर, डावा डावीकडे. पॅटर्नवाल्यानं (साच्यासाठी नमुना करणाऱ्यानं) सवयीनं वाचलं की डाव्या बाजूचा बॉस, म्हणजे कास्टिंगवरचा उंचवटा, उजवीकडे जातो. मापं सगळी बरोबर असतात, त्यामुळं तपासणीत कुणाला शंका येत नाही. जोडणीच्या वेळी कळतं, तोवर लॉट भंगारात. टायटल ब्लॉकजवळ (ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीजवळ) कापलेल्या शंकूचं आणि दोन वर्तुळांचं चिन्ह असतं, ते कोणता अँगल आहे हे सांगतं. पॅटर्न हाती घेण्याआधी ते बघायचं आणि त्यावर लाल पेनानं गोल करायचा, एवढा एकच नियम लावा. चिन्ह नसेल तर खरेदीदाराला विचारा, अंदाज नको. अमेरिकन ड्रॉइंगवर मापं इंचात असू शकतात, तेही त्याच वेळी बघून घ्या.

दुसरं, स्वल्पविराम. जर्मनी, तुर्कस्तान, ब्राझील या तिन्हींकडे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. जर्मन कागदावर 1,250 किलो म्हणजे सव्वा किलो, 12.500 नग म्हणजे साडेबारा हजार. उलट तुमचं 2,50,000 त्यांना टायपिंगची चूक वाटतं आणि 'लाख' हा शब्द कळत नाही. कोटेशनमध्ये हजाराच्या जागी काहीच चिन्ह टाकू नका, आकड्यासमोर एकक लिहा आणि एकूण रक्कम अक्षरी द्या.

तारखेत महिना अक्षरी लिहायचा. 05/06 हा अमेरिकनाला 6 मे, बाकी तिघांना 5 जून.

कॉलच्या वेळेवरूनही माणसाबद्दल उगाच ग्रह होतो. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ मागे घेतात. दर आठवड्याचा दुपारी 2 चा कॉल मग आपल्या 3 वाजता येतो आणि ऑफिसात चर्चा सुरू होते, 'जर्मन असून उशीर?' तुर्कस्तान बाराही महिने अडीच तास मागे, साओ पावलो साडेआठ.

सुट्ट्यांसाठी देश नाही, गाव विचारा. 6 जानेवारीला म्युनिक आणि श्टुटगार्ट बंद, हॅम्बुर्ग चालू. ब्राझीलमध्ये डिसेंबर-जानेवारी हा उन्हाळा, आणि बरेच कारखाने तेव्हा सामूहिक रजेवर जातात. मेलला उत्तर येत नाही ते त्यामुळं.

तुर्क अरब नाहीत. भाषा तुर्की, लिपी 1928 पासून रोमन, सुट्टी शनिवार-रविवार, राजधानी इस्तंबूल नव्हे तर अंकारा. 2022 पासून संयुक्त राष्ट्रांत देशाचं नाव तुर्किये आहे, स्वागताच्या फलकावर तेच लिहा. ब्राझीलवाल्याला 'होला' नको, ते स्पॅनिश झालं. तिथं पोर्तुगीज बोलतात. सकाळी 'बोम दिया', दुपारी 'बोआ तार्दे'. यात चुकलात तरी लाजू नका. 2017 मध्ये 14 देशांतल्या 12 हजार लोकांना जगाबद्दल तीन-तीन पर्यायांचे 12 प्रश्न विचारले होते, सरासरी दोन बरोबर आले. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तर चार आले असते!

जेवणाचं मेलवरच विचारून घ्या: मांस चालतं का, हलाल हवं का, कशाची अ‍ॅलर्जी. जर्मन म्हणजे मांसाहारीच असं धरू नका. तांबडा रस्सा वाटीत वेगळा द्या. पांढऱ्यात काजू, तीळ, खसखस घालत असाल तर आधी सांगा. जाताना मसाल्याचं पाकीट द्यायची आपली पद्धत आहे, पण त्यात खसखस असेल आणि पाहुणा दुबईमार्गे परतणार असेल तर देऊ नका. यूएईत खसखस बाळगणं गुन्हा आहे. त्याला गुळाची ढेप द्या.