घरच्या लिनक्ससाठी कोणती फाइल सिस्टिम?

फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत. पहिल्यांदाच लिनक्स टाकताय, म्हणून सरळ सांगतो: ईएक्सटी४ (ext4) निवडा. २००८ पासून ती लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) स्थिर आहे, मिंट आणि उबुंटू ही लिनक्सची लोकप्रिय रूपं आपणहून तीच निवडतात, आणि काही अडलं तर मदत कुठेही मिळते. आपल्या बडोद्यात पावसाळ्यात वीज अचानक गेली, तर तिचं जर्नल (बदलांची नोंदवही) डिस्कवरची रचना सावरून घेतं. सेव्ह न केलेलं काम मात्र परत येत नाही. डेस्कटॉप असेल तर छोटा यूपीएस घ्याच.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- होम फोल्डर (तुमच्या फाइलींचा फोल्डर) एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमवर ठेवणं. लिनक्सच्या परवानग्या तिथे नीट चालत नाहीत.
- विंडोजही ठेवायचं असताना त्यातलं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) चालूच ठेवणं. मग विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा तो भाग) लिनक्समध्ये बहुधा फक्त वाचता येतं.
- स्नॅपशॉटलाच (त्याच डिस्कवर जपलेल्या फाइलींच्या आधीच्या स्थितीला) बॅकअप समजणं. स्नॅपशॉटची सोय असलेली बीटीआरएफएस (Btrfs) ही फाइल सिस्टिम चांगली आहे, फेडोरा या लिनक्सच्या डेस्कटॉपवर २०२० पासून तीच येते. फेडोरा टाकणार असाल तर खुशाल राहू द्या. पण डिस्क गेली की त्यावरचे स्नॅपशॉटही गेले.

म्हणून बॅकअप वेगळ्या, बाहेरच्या डिस्कवरच, आणि नियमित. याबाबत माझा अगदी आग्रह आहे. २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी किती घरांत शिरलं ते आपण पाहिलंय. तळमजल्यावर राहत असाल तर ती डिस्क वरच्या मजल्यावर कुणाकडे तरी ठेवा.

झेडएफएस (आणखी एक फाइल सिस्टिम), रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं) वगैरे सध्या राहू द्या. आणि इन्स्टॉलरमध्ये कोणती डिस्क पुसली जाणार आहे, ते तिचा आकार पाहून दोनदा तपासा. मग बिनधास्त सुरू करा, अडलात तर विचारा.