अठरा लाखांची ती ओळ

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात अकाउंट्स बघणाऱ्या वाचकाचं पत्र आहे. वय 34, हातात महिना 48 हजार, पत्नी घरी, दोन मुलं. डेटा मॉडेलिंग, म्हणजे कुठली माहिती कोणत्या टेबलात, कशी मांडायची ते ठरवणं, शिकायचंय. क्लासची फी जीएसटी धरून 1 लाख 89 हजार. 'नो कॉस्ट' हप्ता 10,500 चा, 18 महिने. क्लासवाले म्हणतात, पगार दुप्पट होईल. घेऊ का?

नका घेऊ. विषय चांगला आहे, आणि तुम्हाला तो अर्धा येतोच. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टी नि आयटमचे मास्टर (कायमच्या याद्या) वेगळे, रोजची व्हाउचर (व्यवहारांच्या नोंदी) वेगळी का, हे तुम्ही दहा वर्षं हाताळताय. एका बिलावर पाच आयटम असले तर ओळी किती, एकच पार्टी तीन स्पेलिंगने घुसली की येणी कशी चुकतात, हेच तर मॉडेलिंग. उरलं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, आणि सराव. पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट, रिपोर्ट बनवायचं पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट, आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएल या साइटवरचे डेटाबेसचे धडे फुकट. सहा महिने रोज तासभर बसा. (कंपनीचा डेटा मात्र घरी आणू नका, काल्पनिक बिलं बनवा.) 'प्लेसमेंट असिस्टन्स' म्हणजे नोकरी नव्हे. आणि असा हप्ता बहुधा कर्ज देणाऱ्या कंपनीचा असतो. क्लास तिसऱ्या महिन्यात सोडलात तरी तो सुटत नाही.

आता न विचारलेलं. सोबतची एक्सेल शीट उघडली आणि कपाळाला हात लावला. 'मालमत्ता': एफडी दीड लाख, पीएफ 4 लाख, पॉलिसी 18 लाख. एकूण साडेतेवीस.

अहो, ते 18 लाख 12 वर्षांनी मिळायचेत, तेही अजून 9.6 लाख भरल्यावर! आज हातात असलेलं आणि पुढे कधीतरी येणारं एकाच रकान्यात? एक ओळ म्हणजे नेमकं काय, हे ठरवल्याशिवाय टेबल बनवायचं नसतं. मॉडेलिंगचा हा पहिलाच धडा.

'एफडीसारखीच आहे' म्हणत बँकेतून तुमच्या गळ्यात मारलेली ही पॉलिसी. वर्षाला 80 हजार, 15 वर्षं; 12 लाख भरून 18 लाख. परतावा जेमतेम 5 टक्के. विमा 8 लाखांचा, म्हणजे तुमचा दीड वर्षाचा पगारही नाही. त्यावर तिघं अवलंबून.

देण्यांचा तर रकानाच नाही. ता. क. मध्ये जाता जाता लिहिलंय: 'कार्डाचे 1.4 लाख आहेत, पण मिनिमम ड्यू वेळेवर भरतो.' मिनिमम ड्यू भरला तरी बाकीवर व्याज चालूच: महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 4,900, वर जीएसटी. वर्षाला 70 हजारांच्या आसपास नुसतं व्याज! आणि शेजारी एफडी वर्षाला दहा हजार कमावतेय. एफडी मोडायची नसते, हे वडिलांनी सांगितलं असेल. त्यांच्याकडे क्रेडिट कार्ड नव्हतं.

उद्याच एफडी मोडा, कार्ड शून्य करा. मग एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे निव्वळ विमा. सिगारेट-तंबाखू नसेल तर तुमच्या वयाला वर्षाला साधारण 12-15 हजार. तो हातात पडल्यावरच जुनी पॉलिसी थांबवा, आधी नाही. कंपनीकडून सरेंडर (आत्ता बंद केली तर किती मिळतील) आणि पेड-अप (पुढे न भरता तशीच ठेवली तर मुदतीअंती किती), दोन्ही आकडे लेखी मागवा. सरेंडरला भरलेल्या 2.4 लाखांपेक्षा कमीच येतील. ते पैसे गेलेत. त्यांच्यामागे आणखी 9.6 लाख पाठवू नका.

क्लाससाठी काढणार होतात ते 10,500, आणि टर्मचा हप्ता वजा जाता वाचलेल्या प्रीमियमचे महिना साडेपाच हजार. त्याच 18 महिन्यांत अडीअडचणीचे 2 लाख 88 हजार उभे राहतात.

शीट नव्याने करून पाठवा. देण्यांचा रकाना आधी.