टॉक्सिन बाइंडर घातला की दूध सुरक्षित होतं का?

तुम्ही विचारलंय की दुधाच्या तपासणीत ॲफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीच्या विषापासून होणारं विष जास्त आलं, घेऊन ठेवलेली पेंड टाकून देणं जड जातंय, तर खाद्यात टॉक्सिन बाइंडर, म्हणजे विष धरून ठेवणारा पदार्थ, मिसळून भागेल का. मी पशुआहाराच्याच कामात आहे. बाइंडर जरूर घाला, पण त्याच्या भरवशावर तीच पेंड चालू ठेवू नका.

खाद्यातल्या बुरशीने तयार केलेलं ॲफ्लाटॉक्सिन बी-१ जनावराच्या पोटात जातं, यकृतात त्याचं एम-१ होतं आणि ते दुधात उतरतं. खाल्लेल्या बी-१ पैकी साधारण १ ते ३ टक्के असं येतं. भरपूर दूध देणाऱ्या गाईंत ६ टक्क्यांपर्यंतही गेलेलं आढळलंय. हिशोबच करून बघा. दिवसाला १० किलो खाद्य, त्यात किलोमागे २० मायक्रोग्रॅम बी-१, म्हणजे पोटात गेले २०० मायक्रोग्रॅम. त्यातले २ टक्के दुधात आले तर ४. गाय २० लिटर देत असेल तर लिटरला ०.२ मायक्रोग्रॅम. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची, मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, तिच्या आत बसलं. युरोपीय संघाची ०.०५ आहे, तिच्या चौपट झालं. बाइंडरने ते निम्म्यावर आणलं असं धरलं तरी ०.१ उरतं, म्हणजे त्या मापाने अजून दुप्पटच. आणि निम्मी घट ही चांगली कामगिरी झाली. प्रयोगांत बऱ्याचदा त्याहून कमीच मिळते.

बाइंडर कोणता घेताय हेही महत्त्वाचं. ॲफ्लाटॉक्सिनवर सगळ्यांत भरवशाची आहे ती बेंटोनाइटसारखी माती. तिच्या थरांमध्ये बी-१ चा चपटा रेणू शिरतो, तिथेच धरला जातो आणि शेणावाटे बाहेर पडतो. युरोपीय संघाने २०१३ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी बेंटोनाइटला याच कामाकरिता परवानगी दिली. यीस्टच्या पेशीभित्तीपासून बनवलेली उत्पादनं एम-१ च्या बाबतीत इतकी सातत्याने चालत नाहीत. पुडीवर ‘सर्व विषांवर प्रभावी’ लिहिलेलं असेल तर सावध राहा. झिअरॅलेनोन किंवा डॉन (डीऑक्सिनिव्हॅलेनॉल) यांसारखी बुरशीची इतर विषं साधी माती फारशी धरत नाही.

मात्रा बघा. मातीच्या बाइंडरवरचे जे प्रयोग यशस्वी झाले, त्यांत बहुधा आहाराच्या कोरड्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का माती दिलेली होती. दिवसाला २० किलो कोरडं खाद्य खाणाऱ्या गाईला म्हणजे १०० ते २०० ग्रॅम. चिमूटभर वरून भुरभुरून काही होत नाही. विष आणि माती पोटात एकाच वेळी असायला हवीत, म्हणून प्रत्येक वेळच्या खाद्यात नीट मिसळूनच द्या. तोंडावाटे औषध चालू असेल तर आधी पशुवैद्यकाला विचारा, माती काही औषधंही धरून ठेवते.

बुरशीरोधक म्हणून विकली जाणारी प्रोपिओनिक आम्लाची उत्पादनं वेगळी. ती नव्या बुरशीला अडवतात, आधी तयार झालेल्या विषाला हातही लावत नाहीत. म्हणून ती चांगल्या मालाला वापरायची, खराब झालेल्या नव्हे. दिसणारी बुरशी निवडून काढली किंवा पेंड उन्हात घातली तरी विष राहतंच. दूध उकळूनही एम-१ जात नाही, आणि चीज केलं तर केसिन या दुधातल्या प्रथिनाला चिकटून ते त्यात एकवटतं.

तेव्हा आजच पेंड थांबवा. एकाच पोत्यातला नमुना पुरत नाही, विष मालात सारखं पसरलेलं नसतं. अनेक पोत्यांतून, खालूनवरून थोडं थोडं घेऊन एकत्र करा आणि तपासायला द्या. मका आणि सरकीही त्याच फेरीत तपासून घ्या, कारण दोष एकट्या पेंडीचाच असेल असं नाही. खाद्य बदलल्यावर एम-१ झपाट्याने उतरतं, बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत. पाचव्या दिवशी दुधाचा नमुना पुन्हा द्या, आणि आकडा उतरेपर्यंत ते दूध घरातल्या लहान मुलांना देऊ नका.